केस, काच आणि काकू

डोक्यावर आहे तोवर केसाइतकं कौतुक कुणाचंच होत नाही. त्याला कोमट तेल, शिकेकाई, जास्वंद, माका, वेळप्रसंगी अंड्याचा बलकसुद्धा. तोच केस डोक्यावरून हातभर खाली येऊन आमटीच्या वाटीत पडला, की त्याला घरात वारस उरत नाही. "शी! कुणाचा हा?" असा प्रश्न येतो आणि प्रत्येक जण स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून, तो आपला नसल्याची ग्वाही द्यायला लागतो.

आमच्याकडे हा पंचनामा अधूनमधून होतोच. आई म्हणते, "माझे पांढरे. हा काळा दिसतोय." बायको म्हणते, "मी मेंदी लावते, माझा लालसर असतो." मुलगी म्हणते, "माझे स्ट्रेट केलेत, हा वाकडा आहे." स्वयंपाकाच्या मावशी कुणी विचारायच्या आत पदर डोक्यावरून घेतात आणि सांगतात, "मी बाई घट्ट अंबाडा घालून येते." एवढं झालं की चौघींची नजर माझ्यावर स्थिरावते.

"माझा कसा असेल?" असं म्हणून मी डोकं पुढे करतो. गेल्या काही वर्षांत माझ्या कपाळाने मागच्या बाजूला चांगलंच अतिक्रमण केलंय, तोच माझा पुरावा.

"गळतात म्हणून तर ही अवस्था झालीय ना?" बायको म्हणते.

यावर वकील लावूनही उपयोग नाही. म्हणून मी विज्ञानाची मदत घ्यायचं ठरवलं.

आमच्या तळमजल्यावर बायॉलॉजीचे एक निवृत्त सर राहतात. त्यांच्याकडे लाकडी पेटीत ठेवलेला एक जुना मायक्रोस्कोप आहे. अंबाल्याचा. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांमध्ये आपण ज्या वस्तूंना हात लावल्याबद्दल ओरडा खाल्ला, त्यांतल्या निम्म्या तरी अंबाल्याहून आलेल्या असतात. सरांनी पेटी माझ्या हातात देताना मुलगी परदेशी पाठवताना देतात तेवढ्या सूचना दिल्या. दोन्ही हातांनी धरा. आरसा सूर्याकडे करू नका, डोळा जाईल. आधी लो पॉवर, मग हाय पॉवर. हाय पॉवर लावल्यावर मोठ्या चाकाला हात लावू नका.

मुलगी म्हणाली, "बाबा, हल्ली कागदाचा मायक्रोस्कोप मिळतो. घडी घालून खिशात ठेवायचा." तिचं खरं होतं. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांनी 2014 मध्ये असा कागदी फोल्डस्कोप जगापुढे मांडला. त्यातून 140 पट मोठं दिसतं आणि त्याच्या सुट्या भागांचा खर्च तेव्हा एका डॉलरहून कमी होता. पण खिशातून कागद काढून न्याय देणाऱ्यावर घरात कोण विश्वास ठेवणार? लोखंडाचं वजन वेगळंच असतं. मी सरांचा मायक्रोस्कोप डायनिंग टेबलावर ठेवला तेव्हा मावशींनी हातातला झाडू आपोआप खाली ठेवला.

पहिला नमुना अर्थात माझाच. केस उपटताना जिवावर आलं, कारण इथे प्रत्येक केस मोलाचा. काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब, त्यात केस, वर कव्हरस्लिप, आणि एक डोळा मिटून मी वाकलो.

"दिसला!" मी ओरडलो. "केवढा जाड! काळाभोर! आणि हलतोय!"

सोबत आलेले सर पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "डोळा मिचकावून बघा."

मी मिचकावला. केस खालीवर झाला.

"ती तुमची पापणी," सर म्हणाले.

पापणीला चुकवून आत पाहिलं तर एक सुंदर गोल दिसलं, काळ्या जाड कडेचं, मध्ये लख्ख प्रकाश. ही पेशी असावी असं मला वाटलं. तो हवेचा बुडबुडा निघाला. बुडबुड्याच्या शेजारी केस होता, म्हणून स्लाइड डावीकडे सरकवली तर केस उजवीकडे पळाला. वर ढकलला तर खाली गेला. आत सगळं उलटं दिसतं हे सरांनी सांगितलं होतं, पण कळणं वेगळं आणि हाताला वळणं वेगळं. एवढी वर्षं संसार करून मला हे जमायला हवं होतं. शेवटी केस मध्यावर आला, मी उत्साहाने हाय पॉवर लावली, मोठं चाक फिरवलं आणि कटकन आवाज झाला.

"कव्हरस्लिप गेली," सर म्हणाले. "अकरावीची पोरं पहिल्याच दिवशी फोडतात. चला, शिकायला लागलात."

नव्या काचेखाली मात्र तो दिसला. माझा केस! चारशे पट. माणसाचा केस साधारण मिलिमीटरच्या चौदाव्या-पंधराव्या भागाइतका जाड असतो, म्हणजे चारशे पट केला की इंचभर भरतो. माझ्या डोक्यावर अंगठ्याहून जाड केस आहे ही बातमी मी ताबडतोब स्वयंपाकघरात नेली.

"मग एकच पुरेल तुम्हाला," बायको आतून म्हणाली.

पण खरी गंमत त्या जाडीत नाही, वरच्या सालीत आहे. केसाच्या अंगावर बारीक खवले असतात, कोकणातल्या घरावर कौलं रचावीत तसे एकावर एक चढवलेले, आणि सगळ्यांची तोंडं टोकाच्या दिशेला. म्हणून मुळाकडून टोकाकडे बोटं फिरवली की केस गुळगुळीत लागतो आणि उलटी फिरवली की खरखरीत. हे खवले नीट बघायचे तर सरांनी एक युक्ती सांगितली. काचेवर बिनरंगाचं नेलपेंट लावायचं, त्यावर केस ठेवायचा, ते वाळलं की केस उचलून घ्यायचा. खाली खवल्यांचा ठसा उरतो. युक्ती नामी आहे, फक्त ते नेलपेंट मला स्वतः जाऊन आणावं लागलं.

"कुणासाठी पाहिजे काका?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

"केसासाठी," मी म्हणालो. तिने बाटली दिली, पण सुट्टे पैसे देताना हाताला हात लागणार नाही याची काळजी घेतली.

खवल्यांच्या आत केसाचा खरा गाभा. रंगाचे कण त्यात असतात. आणि अगदी मधोमध, असली तर, एक बारीक नळी. माणसाच्या पुष्कळ केसांत ती नसतेच, किंवा असते ती तुटक तुटक. आईचा पांढरा केस लावला तेव्हा हे उत्तम दिसलं. पांढरा केस खरं तर पांढरा नसतोच, त्यातला रंग संपलेला असतो इतकंच. काचेखाली तो नितळ कांडीसारखा दिसतो. आईच्या केसात मधल्या नळीत हवा होती, आणि खालून प्रकाश आला की हवा भरलेली नळी काळी दिसते. आईने स्वतः डोळा लावून ती काळी रेघ बघितली.

"बघ," ती बायकोला म्हणाली, "आतून अजून काळाच आहे."

मी हवेचं आणि प्रकाशाचं समजवायला गेलो. तिने ऐकून घेतलं नाही. संध्याकाळी आपल्या बहिणीला फोन करून तिने ही बातमी सांगितली, आणि बहिणीनेही आपला एक केस पाठवते म्हणून कळवलं.

मुलीच्या केसात बुडबुडे सापडले, आणि हे काही माझे नेहमीचे बुडबुडे नव्हते. ओल्या केसावर तापलेला स्ट्रेटनर फिरवला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसाच्या पोटात पोकळ्या तयार होतात. बायकोने ते पाहिलं आणि गेली दोन वर्षं आपण जे सांगत होतो त्याला विज्ञानाचा शिक्का मिळाल्याचं जाहीर केलं. मुलीने पाहिलं आणि ती म्हणाली, "तुमची लेन्स खराब आहे." त्या दिवसापासून एक लक्षात आलं. या यंत्रात डोळा घालणारा प्रत्येक माणूस काय दिसणार आहे ते बाहेरूनच ठरवून येतो.

आमटीतल्या केसाचा निकालही लागला. तो बायकोने जपून कागदाच्या पुडीत ठेवला होता, अविश्वास हा तपासाचा पाया असतो. काचेखाली तो आमच्यापैकी कुणाशीच जुळेना. फार बारीक, आणि आतली नळी मात्र ऐसपैस, मण्यांची माळ ओवल्यासारखी. सरांनी पाहिलं आणि विचारलं, "घरात मांजर आहे का?" माणसाच्या केसातली मधली नळी असलीच तर त्याच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी असते. प्राण्यांच्या केसात ती निम्मी किंवा त्याहून जास्त जागा अडवते.

म्हणजे आम्ही सगळे निर्दोष. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी बायकोने विचारलं, "बी विंगमधला तो बोका आपल्या स्वयंपाकघरात आला कसा?"

आई खिडकीबाहेर बघायला लागली. "मुकं जनावर आहे. जरासं दूध ठेवते मी," ती म्हणाली.

"ओट्यावर?"

"खाली ठेवलं तर मुंग्या लागतात."

त्या आमटीची चव त्या दिवशी विशेष जमली होती आणि सगळ्यांनी दोनदा वाढून घेतली होती. काही वेळ कुणीच बोललं नाही. मग मावशी म्हणाल्या, "माझाच होता म्हटलं असतं तर बरं झालं असतं."

ही बातमी सोसायटीत पसरायला लिफ्ट पुरली. दुसऱ्या दिवसापासून लोक पुड्या घेऊन यायला लागले. कुणाच्या पुडीवर नाव, कुणाच्या पुडीवर नाव आणि गोत्र. पूर्वी लोक असं पत्रिका दाखवायला जात. प्रश्नही तेच, "किती दिवस आहेत?" पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी कंगव्यातला अख्खा गुंता आणला. "भावजी, मुळासकट येतायत हो! हे बघा पांढरं पांढरं टोक."

मी मोठ्या अधिकाराने सांगितलं, की गळणाऱ्या केसाला ती बारीकशी गाठ असतेच. केस काही वर्षं वाढतो, मग तीनेक महिने विश्रांती घेतो आणि गाठीसकट गळतो. मूळ आत शाबूत राहतं. डोक्यावर लाखभर केस असतात, त्यांतले दिवसाला पन्नास ते शंभर जाणारच. तुमचं सगळं ठीक आहे.

वहिनींचा चेहरा पडला. "काहीच झालेलं नाही?"

"काहीच नाही."

"एवढं मोठं मशीन आणून?" असं म्हणून त्या पुडी बांधून गेल्या. नंतर कळलं की त्या मॉलमधल्या एका मोफत केसतपासणीला गेल्या आणि तिथे त्यांना बरंच काही झालेलं निघालं. त्या खूश होत्या.

त्या तपासणीला मीही एकदा जाऊन आलोय. पांढरा कोट घातलेली एक मुलगी पेनाएवढा कॅमेरा डोक्यावर टेकवते आणि समोरच्या पडद्यावर आपलं टक्कल येतं. एवढं मोठं करून दाखवलं तर कुणाचंही डोकं उन्हाळ्यातलं माळरानच दिसेल. ती म्हणाली, "सर, तुमच्या केसांना पोषण मिळत नाहीये," आणि तिने सहा महिन्यांच्या पॅकेजचा कागद पुढे सरकवला. त्यातली निम्मी द्रव्यं केसाला वरून चोळायची होती. आता डोक्याबाहेर आलेला केस नखासारखाच केराटिनचा, निर्जीव. मेलेल्याला खाऊपिऊ घालायचं तर आपल्याकडे त्यासाठी पितृपक्ष आहे आणि तो पंधरा दिवसांत आटोपतो. हे मी तिला म्हणालो नाही. पांढऱ्या कोटापुढे माझी जीभ उचलत नाही. मी उलट विचारलं, "ईएमआय आहे का?"

आमच्या चेअरमनसाहेबांची गोष्ट नाजूक आहे. सत्तरीला टेकले, पण केस काळेभोर. गावाकडच्या माक्याच्या तेलाचा गुण, असं ते दर सर्वसाधारण सभेत सांगतात. त्यांनी स्वतः होऊन, चारचौघांत, एक केस उपटून दिला. मी लावला आणि मुळापासून बघत निघालो. सुरुवातीला नितळ, बिनरंगाची कांडी. थोडं पुढे गेलो आणि एका रेषेवर अचानक काळोख. पट्टी लावून मोजलं तर रेषा मुळापासून सेंटिमीटरभर दूर. केस महिन्याला साधारण तेवढाच वाढतो.

"काय म्हणतं आमचं तेल?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

"महिन्यापूर्वी संपलेलं दिसतंय," मी म्हणालो.

त्या महिन्याच्या मेंटेनन्सच्या बिलात माझ्या नावापुढे कॉमन पॅसेजमध्ये चपलांचा स्टँड ठेवल्याबद्दल दंड लागला. स्टँड आठ वर्षं तिथेच आहे.

मग उवांचं प्रकरण झालं. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्याचं नाव न घेता सगळ्या आया बोलत होत्या ते लेकरू आमच्याच विंगमधलं होतं. त्याच्या आईने एक केस आणून ठेवला आणि निक्षून सांगितलं, "हा कोंडा आहे." कोंडा फुंकला तरी उडतो. हे काही उडेना. काचेखाली दिसली ती केसाला अस्सल गोंदाने चिकटवलेली, झाकण उघडलेली, रिकामी लीख. राहणारी मंडळी घर सोडून गेली होती.

"म्हणजे बी विंगमधून उडत आली असणार," ती बाई म्हणाली.

ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. ती पायी चालत एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाते, त्यासाठी डोकी टेकावी लागतात. मी तिला धीर द्यायला म्हणून सांगितलं, की 1665 मध्ये लंडनच्या रॉबर्ट हूकने 'मायक्रोग्राफिया' नावाचं पुस्तक काढलं, त्यात माणसाचा केस पायांत घट्ट धरलेल्या उवेचं भलंमोठं चित्र आहे, इतकं मोठं की पानात मावेना म्हणून घडी घालून जोडलं. साहेबाच्या देशात उवेला हा मान मिळालेला आहे. तिला धीर आलेला दिसला नाही. तिचं लेकरू मात्र खूश होऊन विचारायला लागलं, "काका, मोठ्ठी ऊ दाखवा ना! जिवंत आणू?"

एवढ्यावर थांबलं असतं तर मी पेटी सरांना परत केली असती. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्या दार लावून आत आल्या, हे आधीच चांगलं लक्षण नव्हतं. त्यांनी पर्समधून देवाच्या अंगाऱ्याची असावी अशी पुडी काढली. आत एक लांबलचक, काळा, तुकतुकीत केस.

"ह्यांच्या शर्टाच्या कॉलरवर होता," काकू म्हणाल्या. "रोज संध्याकाळी फिरायला जातो म्हणून सांगतात. कुणाचा आहे ते सांग."

माझ्या घशाला कोरड पडली. काका माझ्या वडिलांसारखे, आणि त्यांच्याकडून मी ड्रिल मशीन आणलेलं. मी आधीच हात वर केले. म्हणालो, "काकू, मायक्रोस्कोपमधून केस माणसाचा की जनावराचा, रंगवलेला की कसा, उपटलेला की गळलेला, एवढं कळतं. बाईचा की पुरुषाचा हेही त्यावरून खात्रीने सांगता येत नाही. मग कुणाचा हे कुठून सांगणार? अमेरिकेच्या एफबीआयचे तज्ज्ञ वर्षानुवर्षं कोर्टात केसाला केस जुळवून साक्षी देत होते. 2015 मध्ये एफबीआयनेच कबूल केलं, की जेवढ्या साक्षी फेरतपासल्या त्यांतल्या 90 टक्क्यांहून अधिक साक्षींत चुकीची विधानं होती."

"त्यांचं सोड," काकू म्हणाल्या. "त्यांनी आमच्या ह्यांना कुठे पाहिलंय?"

नाइलाज होता. स्लाइड केली. लो पॉवर, मग जपून हाय पॉवर. पुन्हा पाहिलं. आरसा फिरवून पुन्हा. खवले नाहीत. गाभा नाही, नळी नाही, रंगाचे कण नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाडी तीच, रंग तोच, आणि दोन्ही टोकं सुरीने कापल्यासारखी सपाट.

"काकू," मी सुटकेचा श्वास सोडून म्हणालो, "हा केसच नाही. नायलॉन आहे. हा टोपाचा धागा आहे."

"टोप? ह्यांना टोप कशाला हवा? ह्यांचे केस तुझ्यापेक्षा बरे आहेत."

तेवढ्यात बेल वाजली. मुलीने दार उघडलं. काकूंना शोधत काका आले होते. टेबलावरचं यंत्र, पुडी आणि बायको असा क्रम त्यांच्या नजरेने घेतला आणि ते जागच्या जागी विरघळले. ज्येष्ठ नागरिक संघाचं नाटक बसतंय, संध्याकाळी तालीम असते, आयत्या वेळी सगळ्यांना चकित करायचं होतं, असं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"आणि टोप?" काकूंनी विचारलं.

"बायका मिळेनात गं कामाला. तेव्हा तो पार्ट मलाच..."

"कसला पार्ट?"

"बायकोचा. नवऱ्यावर सारखी संशय घेणारी असते एक."

काकूंनी पुडी शांतपणे बंद केली. "आणि हे काम कुणावरून उचललंत?"

काकांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी डोळा मायक्रोस्कोपला लावला आणि तो नायलॉनचा धागा पुन्हा एकदा, फार बारकाईने, तपासायला घेतला.